गंगीचे कान

गवा बघायला आलेला डॉक्टर राजहंसाच्या भीतीनं पेरूच्या झाडावर चढला, आणि तिथून संयोगिताचं सगळं बिघडत गेलं. म्हणजे आधी जमत गेलं. बिघडलं नंतर, आणि ते तिनंच बिघडवलं. पण जमल्याची गोष्ट आधी सांगू. ती जास्त गमतीची आहे.

ऊसतोडीचे दिवस होते. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, शिंगणापूरच्या वाटेवरचे फड एकेक करून मोकळे होत होते. त्या उसात कुठंतरी दडून राहिलेला एक गवा आसरा गेल्यावर चालत चालत थेट हंबीररावांच्या परड्यात आला. पहाट नुकती फुटली होती. हंबीररावांची लेक संयोगिता धार काढायला बादली घेऊन मागं गेली, तर गंगी म्हशीच्या शेजारी तिला अजून एक गंगी दिसली. झोपेच्या डोळ्यांना तेवढंच कळलं. मग ही दुसरी गंगी गोठ्याच्या पत्र्याला टेकेल एवढी उंच आहे, तिच्या पायात पांढरे मोजे आहेत आणि ती गंगीचं आंबोण बिनदिक्कत चाटून खाते आहे, हे सावकाश ध्यानात आलं. संयोगितानं बादली आवाज न करता खाली ठेवली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

परड्यातल्या मंडळींनी त्या सकाळी आपापले खरे रंग दाखवले. टायगर नावाचा कुत्रा, ज्याच्या भरवशावर हे घर निवांत झोपायचं, तो पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. त्याचं फक्त शेपूट दिसत होतं. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. गंगी म्हैस मागच्या पाडव्याची मानकरी, तिनं पाहुण्याकडं एकदा बघितलं, कान हलवला आणि रवंथ चालू ठेवला. राहता राहिला वस्ताद.

वस्ताद म्हणजे राजहंस. संयोगिताच्या आत्यानं, आक्कानं, परड्यात साप येऊ नयेत म्हणून त्याला बाजारातून आणला होता. छाती काढून, मान ताठ ठेवून असा चालायचा, की तालमीतली माणसं लाजावीत. म्हणून नाव वस्ताद. त्यानं गव्याला पायापासून शिंगापर्यंत न्याहाळलं, मान जमिनीलगत घातली, पंख पसरले आणि फिस्कारत सरळ त्याच्या अंगावर गेला.

गव्यानं जंगलात बरंच काही पाहिलं असेल, पण हे पाहिलं नव्हतं. तो मागं सरला. मागं दोरीवर आक्काचं हिरवं लुगडं वाळत होतं, ते शिंगांत अडकलं. गवा डोकं झटकायला लागला तसं लुगडं आणखीच गुंडाळलं गेलं, आणि डोक्यावरून पदर घेतलेला तो केवढा तरी गवा एका राजहंसापुढं भिंतीला टेकून उभा राहिला. आक्का मागच्या दारात आली, तिनं हे ध्यान बघितलं आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून ओरडली, "अगं माझं नवं लुगडं गं!"

त्या ओरडण्यानं आळी जागी झाली. भिंतींवर माणसं चढली, माणसांच्या हातांत फोन चढले. वनखात्याची गाडी आली. गाडीतली माणसं गर्दीला हात जोडत होती, गर्दी त्यांचाही व्हिडिओ काढत होती. आणि अशात एक चष्मेवाला तरुण हळूच भिंत ओलांडून परड्यात उतरला. खाकी शर्ट, खांद्याला औषधांची पिशवी. नजर सगळी गव्यावर. त्यामुळं बाजूनं कोण येतंय ते त्याला दिसलंच नाही.

वस्तादानं त्याची पोटरी धरली. पुढच्या क्षणाला तो पेरूच्या झाडावर होता.

"हा पक्षी तुमचा का?" त्यानं वरून दबक्या आवाजात विचारलं.

"पक्षी न्हवं त्यो. वस्ताद हाय," संयोगिता तितक्याच दबक्या आवाजात म्हणाली.

"त्याला सांगा ना, मी डॉक्टर आहे. जनावरांचा."

"मग त्येला काय करायचंय? त्यो कुटं आजारी हाय?"

झाडावरचा माणूस हसला. समोर गवा, खाली राजहंस, पोटरीतून रक्त, आणि हा हसतोय... संयोगितानं मान वर करून नीट बघितलं. चष्म्याच्या एका काचेला पेरूचं पान चिकटलं होतं. ते काढावं असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला राग आला.

त्याचं नाव वरद. जयसिंगपूरच्या मास्तरांच्या घरातला. वनखात्याच्या पथकात कंत्राटावर लागून थोडेच दिवस झाले होते. पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ही गर्दी अशीच राहिली तर तो बिथरेल. पळत सुटला तर दमूनच मरेल. दिसायला मोठं जनावर, पण भीती सोसत नाही त्याला."

"एकटाच हाय व्हय?"

"कळपातून चुकलेला असणार. एकटं पडलं की असं गुरांच्या आसऱ्याला येतात. सोबत लागते."

संयोगितानं गव्याकडं बघितलं. पदराआडून त्याचा एक डोळा दिसत होता. तो गंगीकडं बघत होता.

"गंगी निघाली तर त्यो जाईल मागनं?"

"जाईलही. पण म्हशीला ओढत नेणार कसं?"

हे ऐकून संयोगिताला त्याची कीव आली. कोल्हापुरात राहून याला एवढं ठाऊक नाही! दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात आणि मालकाच्या मोटरसायकलमागं पळवतात. ओढायचं नाही, मारायचं नाही. म्हशीनं गर्दीतून आपल्या गाडीचा आवाज ओळखायचा आणि गाडीमागं सुटायचं. ज्याची म्हैस इकडं तिकडं न बघता मागं येते, त्याचा फेटा वर्षभर ताठ. आणि दुसऱ्याच्या गाडीमागं गेली, तर मालकानं तोंड लपवून फिरायचं. हंबीररावांचा, म्हणजे तिच्या आबांचा, गुडघा गेल्यापासून ती गाडी संयोगिताच चालवायची.

तिनं भिंतीकडेनं जाऊन आबांची जुनी यामाहा बाहेर काढली, गंगीचं दावं सोडलं आणि किक मारली. बिनसायलेन्सरची ती गाडी फटफटली तसे गंगीचे दोन्ही कान उभे राहिले.

"उतरा, डॉक्टर. बसा मागं."

"मी?"

"मग काय वस्तादाला घिऊ?"

आणि मिरवणूक निघाली. पुढं यामाहा, यामाहावर संयोगिता, तिच्या मागं अंग चोरून बसलेला डॉक्टर. मग गंगी, गंगीमागं लुगडं नेसलेला गवा, आणि फाटकापर्यंत पोचवायला वस्ताद. जन्मात कधी गप्प न बसलेली आळी त्या दिवशी गप्प बसली. गाडी पाणंदीतून नदीकडं चालली. थंडीचं धुकं कापलेल्या उसावर उतरलं होतं, पाचटाचा ओला वास येत होता. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि डॉक्टरांचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"माफ करा... काढतो हात."

"पडशीला," ती म्हणाली. "असू दे की."

नदीवर आल्यावर तिनं गाडी बंद केली. गवा पाण्यात उतरला, प्यायला, पलीकडं गेला. लुगडं वाटेतल्या बाभळीनं काढून घेतलं होतं. पलीकडच्या काठावर तो थांबला आणि मागं वळून गंगीकडं बघत राहिला. गंगी एकदाच हंबरली. मग तो झाडीत शिरला.

"गेला," वरद म्हणाला. त्याला आनंद झाला होता, तरी आवाज उदास का आला, हे तिला कळलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

दोन दिवसांनी तो लुगडं द्यायला आला. फाटलं होतं, म्हणून शाहूपुरीतून आक्कासाठी नवं घेऊन आला. मग गंगीला गव्यापासून काही लागण तर झाली नाही ना, हे तपासायला आला. मग ते परत तपासायला आला. गंगीसारखी ठणठणीत म्हैस अख्ख्या तालुक्यात नव्हती, पण डॉक्टरांचं समाधान काही होईना.

"आज काय बगायचं ऱ्हायलंय?" संयोगिता विचारायची.

"डोळे."

"म्हशीचं का आनि कुनाचं?"

तो चष्मा पुसायला लागायचा. तिला मजा यायची. समोरच्याला कोंडीत पकडायचं आणि वर हसायचं, ही तिची जन्माची खोड. आमच्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तशी ती मोकळी, धडधडीत बोलायची. हळू बोलायचं ते तिला जमायचं नाही. तो काही हळू बोलायला लागला, की तिला अवघडायला व्हायचं आणि ती पटकन काहीतरी थट्टेचं बोलून मोकळी व्हायची. थट्टा झाली की तिचं अवघडणं थांबायचं. तोही थांबायचा.

त्याच्याकडं एक जुनी बुलेट होती. ती बुलेट वळणावर यायच्या कितीतरी आधी गंगीचे कान उभे राहायला लागले. घरात कुणाला काही ऐकू येत नसायचं. आक्का भाकऱ्या थापत असायची, आबा पेपर वाचत असायचे, आणि गोठ्यात गंगीचे कान ताठ व्हायचे. संयोगिता तेवढ्यात तोंडावर पाणी मारून यायची, केसांवरून हात फिरवायची आणि परत येऊन शेण भरत बसायची, जणू काही सकाळपासून तिथंच आहे. गंगीनं तिचं गुपित कधी कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या तोंडावर यामाहाचं इंजिन बसलं. मिस्त्री म्हणाला, सामान यायला वेळ लागेल. पाडवा जवळ आलेला, आणि गंगीचा सराव बंद. हंबीरराव जेवेनात. गुडघा गेल्यापासून त्या माणसाला वर्षातून तेवढा एकच दिवस होता. त्यात शेजारचा पिराजी रोज दारावरून आपली म्हैस पळवत न्यायचा आणि मुद्दाम विचारायचा, "काय हंबीरराव, औंदा इस्रांती काय?"

"माझी बुलेट घ्या," वरद म्हणाला. "सरावापुरती."

झालं. रोज संध्याकाळी माळावर बुलेट धडधडायला लागली. तो चालवायचा, ती मागं उलटी वळून बसायची आणि हाळी द्यायची, "ह्यॅक गंगेऽ!" गंगी तोंड वर करून मागं सुटायची. तिला एका हातानं म्हशीला बोलवावं लागायचं, दुसऱ्या हातानं कशाला तरी धरावं लागायचं. ती त्याच्या खाकी शर्टाला धरायची.

अशाच एका संध्याकाळी परतीच्या पावसानं त्यांना गाठलं. माळाच्या कडेला गुऱ्हाळ होतं, हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून बंद. त्याच्या पत्र्याखाली तिघं उभी राहिली, मध्ये गंगी. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता, की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं. गेल्या वर्षीच्या काकवीचा वास अजून त्या भिंतींना होता. गंगीच्या पाठीवरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेपलीकडून तो तिच्याकडं बघत होता.

"चंद्रपूरला कायमची नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "पाडव्याच्या रात्रीच निघायचंय."

तिला थट्टा सुचेना. पहिल्यांदाच.

"तू येशील? लग्न करून, म्हणजे... घरी रीतसर येऊन विचारीन मी. आणि येणं जमत नसेल, आबा आहेत, गोठा आहे, तर 'थांब' म्हण. मी थांबेन. कंत्राटावर राहीन. पण तू काहीतरी म्हण."

तो 'तू' म्हणाला, हेसुद्धा तिला पहिल्यांदाच ऐकू आलं. गंगीच्या पाठीवर त्याचा हात होता. तिनं आपला हात त्या हाताशेजारी ठेवला. करंगळीला करंगळी लागली... बस्स, तेवढंच. पण पावसाचा आवाज तिला मग ऐकू आला नाही.

"पाडव्याला माळावर या," ती म्हणाली. तिच्या मानानं फारच हळू. "आबांचा दीस एकदा पार पडू दे. गंगी पळाली की सांगतो."

"तोवर काळीज हातात घेऊन फिरू?"

"वस्तादाकडं ठेवा. त्यो राखंल."

पाडव्याच्या सकाळी गंगीला तेल लावताना, शिंगं रंगवताना, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधताना संयोगितानं ठरवून टाकलं. हो म्हणायचं. थांब म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आबांना आपण समजावू. आक्का आहे, गडी ठेवू, वर्षातून दोनदा येऊ. तिनं ते गंगीच्या कानात सांगूनही टाकलं, आणि स्वतःशीच लाजली.

दुपारी माळ माणसांनी फुलला होता. हलगी कडकडत होती. हंबीरराव फेटा बांधून, काठी टेकून पुढच्या रांगेत उभे. यामाहा दुरुस्त होऊन आली होती. पिराजीची म्हैस झकास पळाली, आणि मग नाव पुकारलं गेलं. संयोगितानं गाडी सोडली. "ह्यॅक गंगेऽ!" गंगी सुटली. काय सुटली! कवड्यांच्या माळा उडत होत्या, तुरा वाऱ्यावर ताठ, लोक शिट्ट्या मारायला लागले. अर्धा माळ सरला.

वरद तेवढ्यात पोचला होता. बॅगा बांधता बांधता उशीर झालेला. त्यानं बुलेट कडेला लावली, तर कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, गाडी काडा तिथनं! म्हसरं यायला लागल्यात!" त्यानं घाईघाईनं किक मारली.

गंगी थांबली. भर माळावर, हजार माणसांत, तिचे कान उभे राहिले. मग ती वळली आणि यामाहाकडं पाठ करून जी निघाली, ती गर्दी फोडत बुलेटजवळ जाऊन थांबली. वरदनं कधीच इंजिन बंद केलं होतं. गंगीनं त्याच्या खांद्याला नाक लावलं आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट मायेनं चाटून काढला.

माळ हसला. एवढा हसला, की हलगीवाल्यानं वाजवायचं थांबवलं. आणि त्या हशातून पिराजीचा आवाज आला, "हंबीरराव, म्हस डॉक्टराला दिली म्हना की! मग पोरगी बी दिऊन टाका, एका मांडवात उरकंल!"

संयोगिता गाडी वळवून आली तेव्हा तिला आबा दिसले. ते मटकन खाली बसले होते आणि काठीकडं बघत होते. वरद पुढं झाला. "माझं चुकलं... मला कळलं नाही, मी—"

"कुनी बोलवलं तुमाला हितं?" ती म्हणाली. धडधडीत. सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. "गाडी घ्या आनि जावा चंद्रपूरला! परत आमच्या दारात याचं न्हाय!"

तिनंच बोलवलं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही. तो तसं म्हणाला नाही. त्यानं फक्त चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बुलेट सुरू न करता, हातानं ढकलत ढकलत गर्दीतून बाहेर नेली. पार रस्त्याला लागेपर्यंत ढकलत नेली, गंगी परत मागं येऊ नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत तिचा राग उतरला. वाटलं, निघायची वेळ व्हायच्या आत येईल, नेहमीसारखा हसेल, मग आपण सांगू. आक्कानं त्याच्यासाठी चिरोटे वेगळे काढून ठेवले होते. गंगीचे कान काही उभे राहिले नाहीत.

फोन होता की, कुणी म्हणेल. होता. तिनं हातात घेतलाही. पण 'चुकलं' हा शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता, तो तिच्या बोटांतून उतरेना. मग चंद्रपूरला पोचल्यावर त्यानंच एकदा फोन केला. ती तेव्हा धार काढत होती. खिशात फोन वाजतोय, हात दुधात. मध्येच हात सोडला तर म्हैस पान्हा चोरते. तिनं धार पुरी केली. हात धुऊन नाव बघितलं, आणि वाटलं, करेल परत. तिकडं त्याला वाटलं, उचलला नाही, म्हणजे माळावर बोलली तेच खरं. पुढं कुणीच कुणाला फोन केला नाही. एवढ्याशा गोष्टीनं माणसं दुरावतात हे तिला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याचीही थट्टाच केली असती.

एकदा जेवताना आबाच म्हणाले, "त्यो डॉक्टर बरा हुता गं. म्हस काय उगं जात न्हाय कुनाच्या मागं." तिनं मान वर केली. आबा भाकरी कुस्करत होते. म्हणजे आबांची ना नव्हतीच. आबांना राग होता तो पिराजीचा. तिखट लागल्याचं निमित्त करून ती पाणी प्यायला उठली.

वर्ष उलटलं. दुसरा पाडवा गेला. गंगी सरळ पळाली, आबांचा फेटा ताठ झाला. पुन्हा ऊसतोड आली. आणि एका दुपारी, आबा डेअरीत गेलेले, आक्का आत चहा टाकत होती, संयोगिता वैरण टाकत होती... तेव्हा गंगीचे कान उभे राहिले.

तिच्या हातातली पेंढी खाली पडली. तोंडावर पाणी मारायचंही तिला सुचलं नाही. मग बुलेटचा आवाज आला, फाटक वाजलं, वस्तादाचं फिस्कारणं ऐकू आलं, आणि ती परड्यात पोचेतो डॉक्टर पेरूच्या झाडावर होते.

दोघंही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला वाटलं, झालं, एवढंच तर होतं, मिटलं सगळं.

"वस्तादाची तब्येत चांगली आहे," तो वरून म्हणाला.

"तुमची बी," ती म्हणाली. "उतरा की. धरतो मी त्येला."

तो उतरला नाही. त्यानं खिशातून एक पाकीट काढलं आणि वाकून तिच्या हातात दिलं. "आधी हे घे. खाली उतरून देणं मला जमायचं नाही."

लग्नपत्रिका होती. कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं. वधूचं नाव अवंतिका. त्याच्याबरोबर तिथंच काम करणारी, तो म्हणाला. चांगली आहे, म्हणाला. संयोगितानं ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. वाईट असायला तिला त्या पोरीत काही सापडेना.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या पाडव्याला, गंगी सरळ पळाली असती तर... काय सांगणार होतीस?"

थट्टा जिभेवर आली होती. 'वस्तादाला विचारा,' असं म्हटलं असतं तर तो हसला असता, उतरून चहा प्यायला असता, आणि सगळं सोपं झालं असतं. पण मनातलं वेळेवर न बोलून तिचं एकदा सगळं गेलं होतं.

"येतो म्हननार हुतो," ती म्हणाली. "तुमच्यासंगं. सकाळीच ठरवलंतं. गंगीला सांगितलं बी हुतं."

पेरूचं एक पान गळून तिच्या खांद्यावर पडलं. ते काढायला त्याचा हात पुढं आला, आणि मधेच थांबून फांदीला धरून राहिला.

"मी परत फोन करायला हवा होता," तो म्हणाला.

"मी धार सोडायला हवी हुती."

आक्कानं चहासाठी हाक मारली. त्यानं उतरून उभ्या उभ्याच चहा घेतला, आक्काच्या पाया पडला, सगळ्यांनी लग्नाला यायचं असं सांगितलं. जाताना तो गोठ्यात गेला आणि गंगीच्या कपाळावरून हात फिरवून आला. मग त्यानं बुलेट स्टँडवरून काढली, आणि संयोगिताकडं बघून, किक न मारता, ढकलत फाटकाबाहेर नेली.

ती गोठ्याच्या दारातून बघत राहिली. तो रस्त्यानं गाडी ढकलत चालला होता, उन्हात, वळणापर्यंत. एकदाही थांबला नाही. वळणापलीकडं गेल्यावर दिसेनासा झाला.

आवाज तिला आला नाही. गंगीचे कान तेवढे उभे राहिले. गंगीनं दाव्याला ओढ दिली, खुंटा करकरला. संयोगितानं तिच्या गळ्यात हात टाकला आणि दुसऱ्या हातानं तिचा कान झाकून धरला.

"न्हाय गं बाई," ती म्हणाली. "आपली गाडी न्हाय ती."

गंगी थरथरत उभी राहिली. तळव्याखाली तो कान बराच वेळ ताठ होता. मग सावकाश खाली पडला. धारेची वेळ झाली होती, पण संयोगिता तशीच तिच्या गळ्यात हात टाकून उभी होती.